पहिला फेरा जड, दुसरा हलका

"डॉक्टर, ह्यांना तलावपाळीला पहिल्या फेऱ्यात बसावं लागतं, ते नाही सांगत तुम्हाला."

काकूंनी हे सांगितलं तेव्हा काका गुडघ्याची तक्रार संपवून दाराशी चपला घालत होते. मी त्यांना परत आत बोलावलं. माझा दवाखाना ठाण्याच्या नौपाड्यात आहे, तलावपाळी म्हणजे तिथल्या तलावाभोवतीचा फिरायचा रस्ता. हे दोघं माझ्याकडे १२ वर्षांपासून येतात. त्यांची परवानगी घेऊन हे प्रकरण लिहितो आहे. नावं देत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत.

काका ६१ वर्षांचे. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर, शेवटची काही वर्षं फोरमन. मधुमेह १४ वर्षांपासून, रक्तदाब ८ वर्षांपासून. तंबाखू-चुना पंचावन्नाव्या वर्षी सुटला, तोही नात डबी लपवायला लागली म्हणून. वडील साठीच्या आत झोपेतच गेले. गोळ्या अशा: ग्लिबेनक्लामाइड ५ आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी, आणि ॲम्लोडिपिन ५ रोज एक. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ७.९.

त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत: "पहिल्या फेऱ्यात अर्ध्यावर गेलो की छातीवर कोणीतरी हात ठेवल्यासारखं होतं. जबडाही थोडा ओढतो. कोपिनेश्वराच्या बाजूला बाकावर दोन-तीन मिनिटं बसतो. जातं. मग दुसरा, तिसरा फेरा एकदम मोकळा. जुन्या लेथसारखं आहे, गरम झालं की चालतं." हे चार महिन्यांपासून. बाकावरच्या मित्रमंडळींनी गॅसचं निदान केलेलं होतं. घरी ओवा आणि काळं मीठ सुरू होतं.

विश्रांतीतला इसीजी साफ होता, त्यात नवल काही नाही. ही गोष्ट मात्र पुस्तकी होती. चालताना छाती भरून येते, थांबल्यावर उतरते, आणि थोड्या विश्रांतीनंतर तेवढंच किंवा जास्त चाललं तरी येत नाही. याला 'वॉर्म-अप अँजायना' म्हणतात. छातीच्या या दुखण्याचं, म्हणजे अँजायनाचं, पहिलं नीट वर्णन विल्यम हेबर्डेन या इंग्रज डॉक्टरांनी १७६८ मध्ये लंडनच्या वैद्यांपुढे वाचलं, ते १७७२ मध्ये छापलं गेलं. त्यांच्याच नंतरच्या लिखाणात एक रुग्ण आहे, जो रोज अर्धा तास लाकूड कापायचा आणि त्यानेच जवळपास बरा झाला. म्हणजे दुखणं आणि त्याची ही विचित्र सवलत, दोन्ही अडीचशे वर्षं जुनी.

मी ॲस्पिरिन, ॲटॉरव्हास्टॅटिन आणि मेटोप्रोलॉल सुरू केलं. जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट दिली आणि सांगितलं, "काका, टीएमटी करून घ्या."

"बसने कुठे जायचंय?"

ठाण्यात टीएमटी म्हणजे महापालिकेची बस. पट्ट्यावर चालवून इसीजी काढतात ती ट्रेडमिल टेस्ट, हे समजावण्यात दोन मिनिटं गेली आणि सगळे हसलो. त्या हसण्यात विषयाची धार गेली, असं आता वाटतं. काका म्हणाले, पुतणीचं लग्न आहे, १५ दिवसांनी करू. मी "बरं, पण त्यापुढे नाही" म्हणालो. चार महिने स्थिर असलेला अँजायना १५ दिवस थांबू शकतो, हा हिशेब पुस्तकाप्रमाणे चुकीचा नव्हता. मधुमेह, वडिलांचा इतिहास आणि जबड्यापर्यंत जाणारी कळ पाहता मी जास्त रेटायला हवं होतं.

दुसरी चूक अधिक साधी. ग्लिबेनक्लामाइडची गोळी मी तशीच ठेवली. सहा वर्षं 'मागचंच चालू' असं लिहीत होतो, त्या दिवशीही तेच लिहिलं. तिच्याकडे पुढे येतो.

त्या सकाळी

नवव्या दिवशी पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी काका दुखण्याने जागे झाले. अजून फिरायला निघायचे होते. तोच हात, तीच जागा, पण चालणं नाही आणि सोबत घाम. त्यांनी काय केलं हे मी नंतर त्यांच्याकडून दोनदा ऐकलं. ते पलंगाच्या कडेला बसून राहिले. पहिल्या फेऱ्यात बसलं की जातं, तर आत्ताही जाईल. एक सॉर्बिट्रेट घेतली. थोडं कमी झालं. परत वाढलं. दुसरी घेतली. काकूंना उठवलं नाही, कारण आदल्या रात्री घरात लग्नाचे पाहुणे होते आणि त्या उशिरा झोपल्या होत्या. सव्वासहाला काकू उठल्या, त्यांनी ओवा दिला. सात वाजता उलटी झाली तेव्हा रिक्षा बोलावली.

जवळच्या छोट्या रुग्णालयात ७.२० ला इसीजी निघाला. छातीच्या पुढच्या भागाच्या लीड्समध्ये, व्ही१ ते व्ही४, एसटी हा रेषेचा भाग वर चढलेला, म्हणजे धमनी बंद झाल्याची खूण. तिथे कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली, नव्हती. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचा मोठा डोस देऊन रुग्णवाहिकेने पुढे पाठवलं. धमनी उघडली तेव्हा ८.४५ झाले होते. दुखणं सुरू झाल्यापासून ३ तास ३५ मिनिटं. त्यातली १ तास ५० मिनिटं काका घरात पलंगावर होते.

अँजिओग्राफीत डावीकडची पुढची मोठी धमनी, जिला आता रुग्णाचे नातेवाईकही एलएडी म्हणतात, सुरुवातीच्या भागात पूर्ण बंद. उजव्या धमनीकडून तिच्या टोकाला बारीक जोडवाटा दिसत होत्या, धूसर पण होत्या. उजवीत स्वतःचा ६० टक्के अडथळा. एलएडीत एक स्टेंट बसला. तिसऱ्या दिवशीच्या टूडी इकोत टोकाकडचा भाग सुस्त. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डाव्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, ते ४६ टक्के. एलएडी मुळाशी साडेतीन तास बंद असताना ३०-३५ टक्के आला असता तरी कोणाला आश्चर्य वाटलं नसतं. "नुकसान अपेक्षेपेक्षा कमी आहे," असं हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले आणि पुढच्या रुग्णाकडे गेले.

ते वाक्य काकांच्या पुतण्याने पकडलं. तो नवी मुंबईत तुर्भ्याकडे एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करतो, शास्त्र वाचू शकतो आणि वाचतो. घरी सोडल्यावर चौथ्या दिवशी तो माझ्याकडे तीन प्रश्न घेऊन आला. रोजच्या त्या पहिल्या फेऱ्याने काकांचं हृदय वाचवलं का? तसं असेल तर तेच काम करणारी गोळी का देत नाही? आणि मधुमेहाच्या गोळीने ते संरक्षण मारलं का?

तिन्ही प्रश्न चांगले होते. उत्तरं देताना माझी दमछाक झाली, म्हणून हे लिहिलं.

लाइट जाते आणि येते

१९८६ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग छापला. एका गटात हृदयाची एक धमनी सरळ ४० मिनिटं बंद केली. दुसऱ्या गटात आधी ५ मिनिटं बंद, ५ मिनिटं चालू, असं चार वेळा केलं आणि मग ४० मिनिटं बंद केली. दुसऱ्या गटाला एकूण त्रास जास्त, म्हणजे नुकसान जास्त व्हायला हवं. उलट मेलेला स्नायू पहिल्या गटाच्या सुमारे पाव भरला. छोट्या टंचाईने हृदयाला मोठ्या टंचाईची तयारी करून दिली होती. याला इस्केमिक प्रीकंडिशनिंग म्हणतात. आपण 'पूर्वतयारी' म्हणू.

पुतण्याला मी हे काकांच्याच धंद्यातून सांगितलं, काका शेजारी बसले होते. वर्कशॉपमध्ये लाइट गेली की जुना कामगार काय करतो? सगळ्या मशीनचे स्टार्टर बंद करतो. लाइट परत येते तो क्षण वाईट. सगळ्या मोटरी एकदम ओढायला लागल्या की काहीतरी जळतं. सकाळपासून दोनदा लाइट जाऊन आली असेल, तर तिसऱ्या वेळी प्रत्येकाचा हात आधीच स्विचवर असतो.

काका म्हणाले, "नवीन पोरगा असेल तर नाही."

बरोबर. हृदयाच्या पेशीत रक्त तुटलं की इंधन, म्हणजे एटीपी, मोडत जातं आणि त्यातून ॲडेनोसिन बाहेर पडतं. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरांवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनांवर, बसतं. ब्रॅडिकायनिन आणि शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यंही त्याच कामात असतात. निरोप प्रोटीन कायनेज सीसारख्या मधल्या माणसांकडून पेशीच्या वीजघरापर्यंत, मायटोकाँड्रियापर्यंत जातो. वाटेत पोटॅशियमच्या काही खास वाहिन्या उघडतात. इंधन कमी पडलं की उघडायचं, हेच त्यांचं काम. यांना के-एटीपी वाहिन्या म्हणतात. या सगळ्याचा शेवट असा की रक्त परत येतं त्या पहिल्या काही मिनिटांत मायटोकाँड्रियाच्या भिंतीतलं एक मोठं भोक, जे उघडलं की पेशी संपते, ते बंद राहतं. पेशी मरतात त्यातल्या बऱ्याच लाइट गेल्याने नव्हे, ती परत येताना.

ही तयारी पहिले दोन-तीन तास टिकते, ओसरते, आणि साधारण एक दिवसाने पुन्हा येऊन तीनेक दिवस राहते. दुसरी खेप थोडी सौम्य. काका आदल्या सकाळी फिरले होते, पहिल्या फेऱ्यात बसले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे धमनी बंद झाली तेव्हा ते या दुसऱ्या खेपेच्या आत होते. पुतण्याने हे वहीत लिहून घेतलं आणि माझ्याकडे विजयाने पाहिलं.

त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. मरी आणि मंडळींनी धमनी ४० मिनिटांऐवजी ३ तास बंद ठेवूनही पाहिलं. तिथे पूर्वतयारी झालेल्या आणि न झालेल्या गटांत फरक उरला नाही. पूर्वतयारी पेशीला अमर करत नाही, मरण लांबवते. तेवढ्या वेळात धमनी उघडली तर नफा खिशात, नाहीतर गेला.

काकांची धमनी साडेतीन तासांनी उघडली. कुत्र्याचं गणित माणसाला तसंच्या तसं लागू होत नाही, जोडवाटा असल्या तर वेळ वाढतो, हे खरं. पण ज्या पहिल्या फेऱ्याला आपण श्रेय देतो आहोत, त्याच पहिल्या फेऱ्याने काकांना बसून राहायला शिकवलं होतं. बसलं की जातं. चार महिने रोज सकाळी हा धडा गिरवला गेला आणि पाचव्या महिन्यात १ तास ५० मिनिटांना पडला. मी पुतण्याला हे असंच सांगितलं, तेव्हा त्याने वही मिटली.

मग श्रेय कोणाला

हृदयविकाराच्या आधी अँजायना असलेल्यांचं बरं चालतं, हे माणसांतही दिसलं आहे. १९९५ मध्ये छापलेल्या टीमी-४ या अभ्यासात असा अँजायना आधी असलेल्या रुग्णांत रुग्णालयातले मृत्यू आणि हृदय थकण्याचं प्रमाण कमी निघालं. पण २००१ मध्ये हिरोशिमाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच पुढच्या भिंतीचा झटका आलेले रुग्ण वेगळे काढून पाहिले, म्हणजे नेमके काकांसारखे. मधुमेह नसलेल्यांना आधीच्या अँजायनाचा फायदा होता. मधुमेह असलेल्यांना तो दिसला नाही.

काकांना मधुमेह १४ वर्षांचा. वर ग्लिबेनक्लामाइड. कागदावर त्यांची पूर्वतयारी दोन्हीकडून पोखरलेली असायला हवी. तरीही दुसरा फेरा हलका व्हायचा, हे कसं? वॉर्म-अप अँजायनामागे फक्त पेशीची तयारी नसते. पहिल्या श्रमाने धमन्या सैलावतात, जोडवाटा उघडतात, दुसऱ्या खेपेला तेवढंच काम कमी रक्तात भागतं. ग्लिबेनक्लामाइड देऊन हा वॉर्म-अप बंद पडतो का, हे तपासलेल्या अभ्यासांची उत्तरं दोन्ही बाजूंनी आली. माझं मत विचाराल तर काकांच्या बाबतीत ४६ टक्क्यांचं बरंच श्रेय त्या धूसर जोडवाटांना आहे. दुखणं सॉर्बिट्रेटनंतर कमी होऊन परत वाढलं, त्यावरून धमनी मध्ये थोडी उघडून पुन्हा बंद झाली असावी, हेही आहे. पेशीच्या पूर्वतयारीला मी उरलेला वाटा देईन. एका रुग्णावरून तो वाटा मोजता येत नाही, आणि कोणी मोजून सांगितला तर विश्वास ठेवू नये.

गोळी का नाही

दोन दिवसांनी काकूंचा फोन. "डॉक्टर, हा पुतण्या रोज सकाळी ह्यांचा हात आवळतो. निळा पडतो हो."

पुतण्याने कुठूनतरी काट्याचं जुनं बीपीचं यंत्र आणलं होतं. घरातलं बॅटरीवालं चालत नाही, ते आपोआप हवा सोडतं. डाव्या दंडाला पट्टा बांधून काटा २०० वर, ५ मिनिटं तसाच, मग ५ मिनिटं सैल, असं चार वेळा. समोर मोबाइलवर टायमर. काका गुडघ्यावर पेपर ठेवून एका हाताने शब्दकोडं सोडवत होते.

तो हे हवेतून करत नव्हता. १९९३ मध्ये प्रिझिक्लेंक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदयाच्या एका धमनीला छोटी टंचाई दिली तर दुसऱ्या धमनीच्या हद्दीतलाही स्नायू वाचतो. पुढे कळलं की हाता-पायाचं रक्त थोडा वेळ अडवलं तरी हृदयापर्यंत निरोप जातो. औषध नको, सुई नको, दंडाला पट्टा पुरे. ही कल्पना इतकी सुंदर होती की तिच्यावर मोठे अभ्यास झाले. २०१५ मध्ये बायपास आणि तत्सम शस्त्रक्रियांच्या रुग्णांवरचे दोन एकाच वेळी छापले गेले, एक ब्रिटनमधला १६१२ रुग्णांचा, एक जर्मनीतला १४०३ रुग्णांचा. दोन्हीत फायदा नाही. २०१९ मध्ये युरोपातला ५४०१ हृदयविकार रुग्णांचा अभ्यास आला, अँजिओप्लास्टीच्या आधी दंडाला पट्टा. वर्षभरात हृदयामुळे मृत्यू किंवा हृदय थकून भरती, हे साध्या उपचारात ८.६ टक्के आणि पट्टा बांधलेल्यांत ९.४ टक्के. म्हणजे काहीच नाही. काकांचा झटका तर होऊनही गेला होता. पट्टा थांबवला. काट्याचं यंत्र काकूंनी माळ्यावर टाकलं.

औषधांची कथा वेगळी नाही, फक्त लांब आहे. तर्क सरळ होता: निरोप्या माहीत आहे, तर निरोप आपणच देऊ. ॲडेनोसिन शिरेतून दिलं, २००५ मध्ये छापलेल्या अभ्यासात, दोन हजारांवर रुग्णांना. मोठ्या डोसमध्ये मेलेला भाग लहान दिसला, पण मृत्यू आणि हृदय थकणं यांत एकूण फरक ठरला नाही. सायक्लोस्पोरिन, मूत्रपिंड बदललेल्यांना देतात ते, मायटोकाँड्रियाचं ते भोक बंद ठेवतं. २००८ मध्ये फ्रान्समध्ये ५८ रुग्णांत नुकसान कमी झालं आणि सगळ्यांच्या आशा पल्लवित झाल्या. २०१५ मध्ये ९७० रुग्णांवर तेच औषध, तोच डोस. वर्षअखेरीस मृत्यू, हृदय थकणं किंवा डावा कप्पा फुगणं मिळून औषध घेतलेल्यांत ५९.१ टक्के आणि न घेतलेल्यांत ५८.१ टक्के. ५८ रुग्णांचं वचन ९७० रुग्णांनी मोडलं. भूल देताना वापरतात त्या सेव्होफ्लुरेनसारख्या वायूंनाही हा गुण आहे. पण २०१९ मध्ये बायपासच्या ५४०० रुग्णांत वायूची भूल आणि शिरेतली भूल यांत वर्षभरातल्या मृत्यूंत फरक निघाला नाही.

प्रयोगशाळेत चालतं ते कॅथलॅबमध्ये का चालत नाही? पुतण्याचा हा चौथा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. प्रयोगातला प्राणी तरुण, निरोगी, आणि त्याची धमनी कधी बंद होणार हे घड्याळ लावून ठरलेलं. पूर्वतयारीतला 'पूर्व' तिथे हातात असतो. माणसाचा झटका कळवून येत नाही. रुग्ण येतो तेव्हा धमनी बंद, आणि बंद धमनीपलीकडे औषध पोचवायचं कसं? ते पोचतं धमनी उघडताना, म्हणजे पहिल्या काही मिनिटांच्या शर्यतीत. रुग्ण साठीचा, मधुमेही, स्टॅटिन चालू, क्लोपिडोग्रेल पोटात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत क्लोपिडोग्रेलच्या जातीच्या औषधांनी स्वतःच थोडी पूर्वतयारी केलेली दिसली आहे, म्हणजे नव्या औषधाला दाखवायला जागा कमी. आणि धमनी वेळेत उघडली तर वाचवण्यासारखं फार उरतच नाही, उशिरा उघडली तर वाचवायला काही नसतं. मधली फट अरुंद आहे.

निकोरांडिल

एक गोळी मात्र खरंच हातात आहे, आणि पुतण्याचा सगळा रोख तिच्याकडे होता. निकोरांडिल. जपानमध्ये १९८४ पासून वापरात, आपल्याकडे कुठल्याही केमिस्टकडे मिळते. तिचे दोन गुण: नायट्रेटसारख्या धमन्या सैल करते आणि के-एटीपी वाहिन्या उघडते. म्हणजे पूर्वतयारीच्या साखळीतली एक कडी थेट ओढते. स्थिर अँजायनाच्या ५१२६ रुग्णांवर ब्रिटनमध्ये आयोना नावाचा अभ्यास झाला, २००२ मध्ये छापला. हृदयाने मृत्यू, झटका किंवा छातीत दुखून अचानक भरती, हे तिन्ही मिळून १५.५ टक्क्यांवरून १३.१ वर आलं. फायदा खरा, पण आत पाहिलं तर त्यातला मोठा वाटा भरती टळण्याचा. फक्त मृत्यू आणि झटका घेतले तर ५.२ आणि ४.२ टक्के, आणि तो फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. झटका आल्यावर शिरेतून देऊन काय होतं हे जपानमध्येच पाहिलं, २००७ मध्ये. नुकसानाचा आकार कमी झाला नाही.

म्हणून 'हृदयाचं कवच' म्हणून मी ती दिली नाही. सहा आठवड्यांनी मात्र काकांना जिना चढताना पुन्हा थोडं दडपण येऊ लागलं, उजव्या धमनीतल्या त्या ६० टक्क्यांमुळे. नाडी मेटोप्रोलॉलवर ५६, डोस वाढवायला जागा नाही. तज्ज्ञांनी निकोरांडिल ५ मिलिग्रॅम दोनदा सुरू केली, अँजायनासाठी. पुतण्या खूश. मी त्याला बजावलं की नपुंसकत्वावरच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांसोबत ही चालत नाही. तो लाजला, काका नाही.

पहिले चार दिवस डोकं ठणकलं, ते नेहमीचं. पाचव्या आठवड्यात काकांचं तोंड आलं. जिभेच्या उजव्या कडेला एक खोल, पांढरा तळ असलेला व्रण, वाटाण्याएवढा. काकांनी मिसळीला दोष दिला, जी त्यांनी खायलाच नको होती. केमिस्टने बी कॉम्प्लेक्स दिलं. दातांच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि तंबाखू पुन्हा सुरू केली का ते तीनदा विचारलं. व्रण तीन आठवडे तसाच. माझ्याकडे आले तेव्हा मी जीभ पाहिली आणि औषधांची यादी पाहिली. निकोरांडिलने तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही असे हट्टी व्रण होतात आणि गोळी बंद केल्याशिवाय भरत नाहीत. ब्रिटनच्या औषध नियामकांनी याच कारणावरून २०१६ मध्ये तिला दुसऱ्या फळीत ठेवायला सांगितलं. गोळी थांबवली. चौथ्या आठवड्यात जीभ भरली. अँजायनासाठी रॅनोलाझिन दिलं, त्याने भागलं.

ती जुनी गोळी

तिसरा प्रश्न राहिला, आणि तो माझ्या प्रिस्क्रिप्शनबद्दल होता.

स्वादुपिंडातही के-एटीपी वाहिन्या असतात. ग्लिबेनक्लामाइड त्या बंद करते, त्यामुळे इन्सुलिन सुटतं. हृदयातल्या वाहिन्या त्याच घराण्यातल्या, आणि ग्लिबेनक्लामाइड घर पाहत नाही, दोन्हीकडे कडी लावते. १९९२ मध्ये कुत्र्यांवर दिसलं की ती दिली तर पूर्वतयारी नाहीशी होते. १९९४ मध्ये इटलीत माणसांवर पाहिलं: अँजिओप्लास्टी करताना फुगा दुसऱ्यांदा फुगवला की इसीजीतला बदल पहिल्या वेळेपेक्षा कमी असतो, पण ग्लिबेनक्लामाइड घेतलेल्यांत तो कमी झाला नाही. तिच्याच जातीची ग्लिक्लाझाइड हृदयातल्या वाहिनीला फारशी धरत नाही आणि ग्लिमेपिराइडने फुग्याच्या प्रयोगात अशी अडचण केली नाही.

यावरून या जातीच्या सगळ्या गोळ्या, म्हणजे सल्फोनिलयुरिया, हृदयाला विष, असं कोणी म्हणू नये. ग्लिमेपिराइडची लिनाग्लिप्टिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या जातीच्या गोळीशी तुलना करून सहा हजारांवर रुग्ण सहा वर्षं पाहिले, २०१९ मध्ये निकाल आला, हृदयविकारात फरक नव्हता. ग्लिबेनक्लामाइडने काकांचं किती बिघडवलं हे मी सांगू शकत नाही. पण ती बदलायला हृदयाचं कारण लागायलाच नको होतं. साठीनंतर ती साखर फार खाली नेऊ शकते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतच साठीवरच्यांसाठी ती योग्य नाही अशी नोंद आहे. काका साठीचे झाले त्या वर्षी मी 'मागचंच चालू' लिहिलं होतं. शिवाय जिच्याने वाहिनी बंद होते ती गोळी पोटात असताना वाहिनी उघडायला निकोरांडिल मागायची, म्हणजे एकाने दार उघडायचं आणि दुसऱ्याने कडी घालायची.

पुतण्यापुढे हे कबूल करायला बरं वाटलं नाही. तो म्हणाला, "मग आमच्या कारखान्यात असं झालं तर आम्ही जुनी सगळी बॅच तपासतो." त्या आठवड्यात मी दवाखान्याच्या संगणकावर ग्लिबेनक्लामाइड शोधलं. साठीवरचे ११ रुग्ण निघाले. नऊ जणांची बदलली आहे, एक गावी गेले आहेत, एक आजी म्हणतात ही स्वस्त आहे आणि मला सोसते. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

काकांची ती गोळी काढून मेटफॉर्मिन ठेवलं आणि डापाग्लिफ्लोझिन जोडलं. मागच्या महिन्यात इजेक्शन फ्रॅक्शन ५१, एचबीएवनसी ७.१. फ्रिजवर काकूंनी कागद चिकटवला आहे: दुखणं बसून ५ मिनिटांत गेलं नाही तर १०८, ओवा नाही.

तलावपाळी सुरू आहे. पहिल्या फेऱ्यात आता काही होत नाही. तरी कोपिनेश्वराच्या बाजूच्या बाकावर बसतात. मी विचारलं, का? म्हणाले, "मंडळी तिथेच बसतात ना."